मामांचं नाव कुठल्या कॉलममध्ये?

शाळेच्या जुन्या खेळाडूंचा आणि कोचचा सत्कार करायचं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं. वर्गणी जमली, ट्रॉफीचं डिझाइन फायनल झालं, शालींचा रंगही ठरला. राहिली होती फक्त यादी. आणि तिथेच सगळी गोची झाली.

हर्सूलमध्ये वाढलेल्या प्रत्येकानं एक जोक किमान शंभर वेळा ऐकलेला असतो. ‘कुठं राहतेस?’ ‘हर्सूलला.’ ‘आत की बाहेर?’ मध्यवर्ती कारागृह आमच्याकडे असल्याचा हा परिणाम. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्यांदा हा जोक कुणी केला नाही, कारण तिथे हर्सूल कुणाला माहीतच नव्हतं. तलाव, जेल, देवीचं मंदिर आणि टी-पॉइंटवरची ट्रॅफिक, एवढ्यात आमचं गाव संपतं, असं मलाही वाटायचं. आमच्या शाळेची एक खो-खोची टीम होती आणि ती खरंच भारी होती, हे मी जवळजवळ विसरले होते.

आठवण करून दिली दिल्लीनं. 19 जानेवारी 2025. पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं लोळवलं, मुलांनी 54-36. महिला टीमची कॅप्टन प्रियांका इंगळे. मूळची बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. म्हणजे आपल्याच बाजूची की! आमचा शाळेचा ग्रुप एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि फ्लॅटच्या जाहिराती यांच्यावर चालतो. त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत जागा होता. कुणीतरी आमच्या टीमचा जुना फोटो टाकला. धुरकट, स्कॅन केलेला, मागे पिवळी भिंत. आणि खाली मेसेज : ‘यार, आपल्या खेळाडूंचं आपण काहीच केलं नाही.’

झालं. बाणेरच्या एका कंपनीत एचआरमध्ये असलेल्या मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सेल शीट शेअर केली. नाव, खेळ, वर्ष, लेव्हल, कोच, सध्या काय करतो/करते. निकष एकच, राज्य पातळी आणि त्यापुढे. प्रत्येकाचा शंभर शब्दांत परिचय लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. ‘तू मीडियात आहेस ना!’ (फ्रीलान्सर असण्याचा हा एक तोटा. लोकांना वाटतं, आपण रिकामेच असतो. आणि फुकटात लिहितो.)

शीट भरायला लागल्यावर पहिली शंका आली ती त्या ‘लेव्हल’च्या कॉलमची. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. इक्बाल सिद्दीकी. औरंगाबादेत जन्मलेला, महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं रणजी खेळलेला फास्ट बोलर. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला टेस्ट कॅप मिळाली. त्याच टेस्टमध्ये बीडमध्ये जन्मलेला संजय बांगरही पहिल्यांदा खेळला. एकाच वेळी मराठवाड्यात जन्मलेले दोघं! सिद्दीकीनं नवा बॉल हातात घेतला. शेवटच्या डावात जिंकायला फक्त पाच रन्स हव्या होत्या, तर कॅप्टन गांगुलीनं त्यालाच ओपनिंगला पाठवलं आणि विनिंग रन्सही त्यानंच काढल्या. ड्रीम डेब्यू म्हणतात तो हाच. त्यानंतर तो पुन्हा कधी टेस्ट खेळला नाही. आमच्या शीटमध्ये भरायचं झालं तर ‘सामने : 1’. आता सांगा, त्या एका आकड्यात काय कळतं? त्याआधी आणि नंतर मैदानावर गेलेल्या सकाळी कुठल्या कॉलममध्ये टाकायच्या?

मग दुसरी शंका, ‘कोच’च्या कॉलमची. तिथे मी काही विचार न करता पी.टी.च्या सरांचं नाव टाकलं. बारा मुली, बारा ओळी, कॉपी-पेस्ट. सर्टिफिकेटवर त्यांचीच सही होती ना.

पॅड बांधून बसलेला मुलगा

शाळेचा कोच म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच टोपी येते. रमाकांत आचरेकर. शारदाश्रम, शिवाजी पार्क, स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं, सगळं पाठ असतं आपल्याला. 3 डिसेंबर 2024 ला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं. सचिन आला, विनोद कांबळी आला. व्यासपीठावरचा त्या दोघांचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. सरांना द्रोणाचार्य 1990 मध्येच मिळाला होता, पद्मश्री 2010 मध्ये. पण ज्या मैदानावर त्यांनी आयुष्य काढलं, तिथे त्यांची खूण उभी राहिली ती ते गेल्यावर सहाव्या वर्षी. 2 जानेवारी 2019 ला ते गेले होते.

1988 च्या हॅरिस शिल्डमध्ये याच शारदाश्रमच्या सचिन-विनोदनं 664 रन्सची नाबाद पार्टनरशिप केली. सचिन 326, विनोद 349. ही गोष्ट सांगताना आपण दोघांवर थांबतो. पण त्या सामन्यात पुढचा बॅट्समन म्हणून एक मुलगा पॅड बांधून बसून होता. त्याची बॅटिंग आलीच नाही. अमोल मुझुमदार. पुढे फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स केल्या, तरी इंडिया कॅप नाही. आणि 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्या मुलींचा कोच कोण होता? तोच. मॅचनंतर हरमनप्रीत त्याच्या पाया पडली, तो क्षण मी लॅपटॉपवर चार वेळा रिवाइंड केला. मीसुद्धा शाळेच्या टीममध्ये पॅड बांधून बसणाऱ्यांपैकीच होते ना. बारावी खेळाडू. खो-खोत पॅड नसतात, एवढाच फरक. पाण्याची बाटली असते.

सत्कार उशिरा होण्यात आपण तसे मास्टर आहोत. खाशाबा जाधवांचंच बघा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, गोळेश्वरचा पैलवान. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गावानं त्यांना वाजतगाजत आणलं, दीडशेवर बैलगाड्या होत्या म्हणतात. गावाचं चुकलं नाहीच कुठे. सरकारला मात्र वेळ लागला. 1984 मध्ये अपघातात खाशाबा गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2001 मध्ये, मरणोत्तर. आता त्यांचा वाढदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. 2023 मध्ये गूगलनं त्यांचं डूडल केलं, तेव्हा आमच्या ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांनी ‘हे कोण?’ म्हणून क्लिक केलं होतं.

पण मला खाशाबांच्या गोष्टीतला वेगळाच माणूस आवडतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, म्हणून त्यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 चे सात हजार! पुढे खाशाबांनी कुस्त्या मारून ते फेडले असं सांगतात. खर्डेकर काही कुस्तीचे कोच नव्हते. मग शीट भरताना त्यांना कुठे बसवायचं? ‘स्पॉन्सर’?

‘खो-खो मी शिकवला? कुणी सांगितलं?’

शीट अर्धवट ठेवून मी दिवाळीत सरांना भेटायला गेले. जटवाडा रोडच्या बाजूला त्यांचं घर. रिटायर होऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी शिट्टी अजून खुंटीला. चहा झाला, बेसनाचे लाडू झाले. मी मोठ्या उत्साहानं सत्काराचं सांगितलं. हॉल, शाल, ट्रॉफी, निवेदक, सगळं.

सर म्हणाले, ‘शाली चार आहेत गं कपाटात. पाचवी कुणाला देऊ?’

मग थोडं थांबून म्हणाले, ‘आणि खो-खोचा कोच म्हणून मला बोलावू नका. मी व्हॉलीबॉलचा माणूस. खो-खोचे नियम मी पुस्तकातून वाचले. पोरींना शिकवला तो मामांनी. तुला माहीत नाही?’

माहीत होतं. तोच तर प्रॉब्लेम आहे.

मामा म्हणजे आमचे शिपाई. घंटा देणारे, वर्गात नोटीस फिरवणारे, उशिरा आलेल्यांसाठी गेटची कडी हळूच काढणारे. तरुणपणी गावाकडच्या मंडळात खो-खो खेळलेले. सकाळी साडेपाचला ते मैदानावर असायचे. खांबाजवळची जमीन खोदून, पाणी मारून भुसभुशीत करायचे, कारण सूर मारताना मुलींचे कोपर आणि गुडघे सोलायचे. आठ पाट्यांवर आठ जणी उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, आणि मामा मधल्या पाटीवरून ओरडतायत, ‘खो देताना हात आधी, तोंड मागून!’ पळणाऱ्या तिघींची तुकडी कशी लावायची, हुलकावणी कुठल्या खांद्यानं द्यायची, साखळी धरून समोरच्या टीमची दमछाक कशी करायची, हे सगळं त्यांचं. सर शिट्टी घेऊन उभे असायचे आणि खरं सांगायचं तर त्यांनी हे कधी लपवलंही नाही. पण नियमाप्रमाणे टीमबरोबर शिक्षक लागतो, मुलींच्या टीमबरोबर बाई लागतात. शिपाई लागत नाही. म्हणून कागदावर मार्गदर्शक सर, व्यवस्थापक बाई. आणि मामा? विभागीय स्पर्धेला आम्ही शाळेनं ठरवलेल्या जीपमधून गेलो, मामा रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून एसटीनं आले. पिशवीत चुरमुरे आणि फुटाणे.

‘त्या वर्षी मी हेडमास्तरांना म्हणालो होतो,’ सर सांगत होते, ‘यांचं नाव लिहा कुठंतरी. ते म्हणाले, रकाना नाही.’

एप्रिल 2021 मध्ये मामा गेले. दुसऱ्या लाटेत. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता. त्या महिन्यात असे मेसेज रोज यायचे, तुम्हाला आठवत असेल. मी हात जोडलेली इमोजी टाकली आणि खाली स्क्रोल केलं. नंतर कधीच त्यांच्या घरी गेले नाही. फोनही केला नाही. आणि या वर्षी, अगदी विचारपूर्वक, ‘कोच’च्या कॉलममध्ये बारा वेळा दुसरंच नाव पेस्ट केलं.

रात्री मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. पहिली रिअ‍ॅक्शन एचआरवाल्या मैत्रिणीची : ‘हो यार, पण त्यांचं काही डॉक्युमेंटेशन नाहीये ना.’ तिचं चुकत नव्हतं. एकदा निकष सोडले की कुणाचे काका, कुणाचे शेजारी, सगळेच घुसतात. दुसरा म्हणाला, मरणोत्तर वगैरे नको, प्रोग्राम रडका होईल. दोन दिवस हेच चाललं. मग आमच्या कॅप्टनचा व्हॉइस मेसेज आला. ती आता पोलिसात आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ती त्यातूनच लागली. म्हणजे जिचं सर्टिफिकेट खरंच कामाला आलं अशी आमच्यातली ती एकटी. ती म्हणाली, ‘सर्टिफिकेटवर सरांची सही आहे, मी मान्य करते. पण भरतीच्या ग्राउंडला पळताना माझ्या कानात मामाच ओरडत होते. त्यांना नाही बोलवायचं तर मलापण नका बोलावू.’

पुढे चर्चा बंद.

एकाच दिवशी तिघं

मला वाटतं, सत्कार लवकर करता येत नाही असं काही नाही. येतो की. 17 जानेवारी 2025 ला राष्ट्रपती भवनात क्रीडा पुरस्कार दिले गेले. खो-खो फायनलच्या दोनच दिवस आधी. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिसचा ब्राँझवाला, खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा. त्याला अर्जुन. आणि त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे, ज्या स्वतः 2004 ला अथेन्सला खेळल्या, त्यांना द्रोणाचार्य. पदकानंतर सहा महिन्यांच्या आत, एकाच समारंभात गुरू आणि शिष्य दोघंही हयात, दोघंही हजर. किती साधी गोष्ट, पण किती दुर्मीळ.

त्याच समारंभात मुरलीकांत पेटकरही होते. सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात गोल्ड जिंकलेले. देशाचं पॅरालिंपिकमधलं पहिलं गोल्ड. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जीवनगौरव म्हणून. 53 वर्षांनी. मधे पद्मश्री मिळाली होती, 2018 मध्ये, आणि नंतर त्यांच्यावर सिनेमाही आला. पण 53 वर्षं म्हणजे आपल्यापैकी कुणाचंच अजून तेवढं वयसुद्धा नाही.

आणि आपल्या मराठवाड्याची सारिका काळे. धाराशिवची. घरची परिस्थिती अशी की एक वेळ जेवून तिनं खो-खो खेळला, हे तिनंच सांगितलंय. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गोल्ड जिंकणाऱ्या टीमची ती कॅप्टन. 2020 मध्ये तिला अर्जुन मिळाला, खो-खोला तब्बल 22 वर्षांनी मिळालेला अर्जुन. आणि नशीब बघा, ते कोरोनाचं वर्ष, त्यामुळे समारंभ ऑनलाइन! 22 वर्षं वाट बघायची आणि राष्ट्रपती स्क्रीनवर. तरी मला ती बातमी वाचून भारी वाटलं होतं, कारण ती तेव्हा क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीला होती. म्हणजे खेळाडूंच्या फॉर्मवर सही करणाऱ्या टेबलाच्या पलीकडे खो-खोच्या पाटीवर बसलेलं कुणीतरी आलं. रकाना नसेल तर तो आखणारं.

आमचा कार्यक्रम शेवटी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी झाला. जालना रोडवरचा हॉल कॅन्सल केला, डिपॉझिट बुडालं. सरांची अट होती, शाळेच्या मैदानावरच. अर्ध्या मैदानावर आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यावर टू-व्हीलर लागतात. खांबांच्या जागेवर तर चक्क पाण्याची टाकी. उरलेल्या अर्ध्यात पन्नास खुर्च्या मावल्या. यादी राज्य पातळीची राहिली नाही. टीममधल्या बाराही जणींना बोलावलं होतं, आल्या नऊ. आमची सगळ्यात चपळ पळणारी, जिचं बारावीतच लग्न झालं आणि जिच्या ओळीत कुणीतरी ‘गृहिणी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, ती सिल्लोडहून दोन पोरं घेऊन आली. मोठ्याला तिनं सांगितलं, इथं खांब होता. तो म्हणाला, इथं तर टाकी आहे.

मामींना आणायला कॅप्टन स्वतः गेली होती. मामी संकोचून शेवटच्या खुर्चीत बसल्या. सरांनी माइक हातात घेतला आणि सात-आठ वाक्यांत सांगून टाकलं, की या शाळेच्या खो-खोचे कोच कोण होते. खाली बसलेल्या नव्या मुख्याध्यापकांना ते पहिल्यांदाच कळत होतं. शाल मामींना दिली. सरांनी स्वतःसाठी घेतली नाही, पण ट्रॉफी घेतली. म्हणाले, नातवाला दाखवायला लागते.

कार्यक्रम संपल्यावर मामींनी कॅप्टनला विचारलं, ‘पोरी कोणकोण हायेत, दाखव की मला.’ नावं सांगून काही उपयोग झाला नाही. मामा घरी नावं घ्यायचेच नाहीत म्हणे. त्यांना माहीत होती ती जेवताना ऐकलेली टोपणनावं. मग एकेकीला ओळखायचा खेळच सुरू झाला. सिल्लोडवाली ‘खार’ निघाली. कॅप्टन ‘फौजदारीण’, तेव्हापासूनच! एचआरवाली, जी पाटीवरून उठायला नेहमी उशीर करायची, ती ‘म्हैस’. ती लाल झाली आणि सगळ्यात जास्त तीच हसली.

शेवटी मामी माझ्याकडे वळल्या. ‘आन् तू गं?’

‘मी राखीव होते, मामी. खेळले नाही फारशी.’

‘बडबडी व्हय तू!’ त्यांनी माझा हात धरला. ‘ते म्हणायचे, बसल्या जागेवरनं सगळ्यांच्या चुका सांगती.’

मग त्यांनी विचारलं, जेवण कुठंय, आणि शेवटची सिटी बस किती वाजता असते. बसचं आम्ही काही ऐकलं नाही. कॅप्टननं गाडी काढली, मी मागे त्यांच्या शेजारी बसले, आणि टी-पॉइंटच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो.